हात शिकलेली मोटर

"मॅडम, मोटर घाबरते का हो?"

नववी 'ब'च्या प्रयोगशाळेत प्रश्न सुटला. मग मागच्या बाकावर रिफतनं फिस्सकन हसून दिलं आणि सगळा वर्गच फुटला. पूर्वा तर बाकाखाली तोंड घालून हसत होती. पैज तिघींची होती, पाहुण्या मॅडमना सगळ्यात येडा प्रश्न विचारायचा. विचारणारीला दोन पुड्या भडंग. हरलेली बाकीच्या दोघींची दप्तरं आठवडाभर वाहणार.

चेलना उभीच होती. कान लाल झाले होते, पण ती बसली नाही. आठवीपर्यंत या पोरीचा आवाज डोक्यावरच्या पंख्यालाही ऐकू जात नसे. यंदा काय झालं होतं कुणास ठाऊक, तिला आपला आवाज सापडला होता, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरासारखी ती तो जिथंतिथं चालवून बघत होती.

नेर्लेकर मॅडम हसल्या नाहीत. हुपरीच्या चांदी कारागिरांसाठी जे नवं तंत्रकेंद्र निघालं होतं, तिथल्या त्या इंजिनीअर. माणूस इथल्याच मातीतलं, पण पुण्यात शिकून 'येते-जाते' बोलायला लागलेलं. हुपरीत पोरीबाळी 'येतो-जातो'च म्हणतात.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "तुला उत्तर बोटानंच देते."

टेबलावर मुठीएवढी चौकोनी मोटर होती. तिच्या चार तारा एका काळ्या डबीत गेलेल्या, आणि डबीची तार पडद्याला.

"ही स्टेपर मोटर. म्हणजे पावलं मोजत चालणारी. साधी मोटर वीज दिली की सुटते पळत. हिला प्रत्येक पावलाला सांगावं लागतं, चल, थांब, चल. एका फेरीत दोनशे पावलं. सांगणारा हा डबीतला ड्रायव्हर. आजवरचे बहुतेक ड्रायव्हर नुसते बोलायचे. मोटरचं पाऊल चुकलं तरी त्यांना पत्ता नसायचा. हा नवा डिजिटल ड्रायव्हर ऐकतो."

"काय ऐकतो?"

"मोटर फिरते तेव्हा तीही थोडी वीज तयार करते, उलट्या अंगानं. तिच्या दांडीला कुणी बोट जरी लावलं तरी ती वीज केसभर बदलते. हा सेकंदाला चाळीस हजार वेळा तो बदल मोजतो. लाव बोट."

चेलनानं फिरत्या दांडीला बोट टेकवलं. पडद्यावरच्या सरळ रेषेला बारीक लाटा फुटल्या. मग रिफतचं बोट, मग पूर्वाचं. तिघींच्या लाटा तीन तऱ्हेच्या. मॅडमनी पडदा स्वतःकडे वळवला, मोटरकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "आता कुणीही लावा, नाव सांगू नका." ड्रायव्हरनं तिन्ही वेळा बोट बरोबर ओळखलं. पूर्वाच्या खेपेला मात्र मॅडम पडद्याकडे बघत थबकल्या.

"तुझी आज काही परीक्षा आहे का गं?"

"पुढच्या तासाला गणिताची," पूर्वा पुटपुटली. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही, याला कळलं." मॅडम चेलनाकडे वळल्या. "मोटर घाबरत नाही. पण घाबरलेला माणूस तिला कळतो."

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. भडंग चेलनानं जिंकली, पण तोंडात टाकतानाही तिच्या डोक्यात ती काळी डबीच होती. शाळा सुटताना तिनं मॅडमना गाठलं. "आमच्या अण्णांच्या कलमयंत्राला जुना ड्रायव्हर हाय. लई धक्के मारतोय. हा बसवू का मी?"

"बसवता येईल तुला?"

"बसवतो की!"

*

चेलनाचे वडील सुकुमार. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. पैंजणाच्या चांदीच्या पानांवर नक्षी कोरणारा माणूस. त्यांच्या हातची वेल बघायला व्यापारी भिंग घेऊन बसत. कलमयंत्र म्हणजे त्याच कामाला जोड. कारागिरानं मूठ धरायची, मुठीखाली पोलादी कलम, आणि तीन मोटरी त्या कलमाचं वजन पेलत हाताच्या मागं मागं जाणार. हात माणसाचाच, ओझं तेवढं यंत्राचं.

जुलैतल्या एका रविवारी चेलना कारखान्यात मांडी ठोकून बसली. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. अण्णा स्टुलावर आणि आई त्रिशला पॉलिशच्या पाटाशी.

पहिलीच अडचण तारांची. मोटरच्या चार तारांचे रंग कागदावरच्या रंगांशी जुळेनात. चुकीच्या जोड्या लागल्या तर मोटर फिरत नाही, जागच्या जागी गुरगुरते. पण मॅडमनी युक्ती सांगितली होती. कुठल्याही दोन तारा एकमेकींना टेकवायच्या आणि दांडी हातानं फिरवायची. सहज फिरली तर त्या परक्या, अडली तर एका वेटोळ्याच्या.

"हां, अडली! ही जोडी."

"म्हणजे जोडी जमली की फिरणं बंद, व्हय?" अण्णा मिशीत हसले. "आमचंबी तसंच झालं."

"तुमचं फिरणं बंद झालं म्हणून तर हा कारखाना हुबा राहिला," आई पाटावरून म्हणाली. "न्हाईतर बसला असता गडहिंग्लजच्या जत्रंत."

चेलनानं विजेचा आकडा भरला, दोन पूर्णांक आठ अँपिअर. एका पावलाचे दोनशे छप्पन्न तुकडे केले, म्हणजे चाल तुपासारखी होणार. मालक म्हणून स्वतःचा परवलीचा शब्द घातला. शेवटची पायरी ऑटो-ट्यूनिंगची. अकरा मिनिटं ड्रायव्हर मोटरींना हळूहळू हलवणार आणि मशीनची सगळी ठेवण शिकून घेणार. पडद्यावर ठळक अक्षरं होती, 'या वेळेत यंत्राला स्पर्श करू नये.'

तिनं कळ दाबली. मोटरी बारीक गुणगुणू लागल्या, आणि अण्णांनी उठून उजवा तळवा मशीनच्या बैठकीवर ठेवला.

"अण्णा, हात काढा की. लावायचा न्हाई म्हणतंय."

"नवं काय पहिल्यांदा सुरू होताना त्याच्यावर हात असतोयच गं. ज्यांच्याकडं कोरायला शिकलो त्या बाबगोंडा मामांनी शिकवलंय मला. अंग तापेस्तोवर हात काढायचा न्हाई. म्हैस आणली तरी आधी पाठीवर हात ठेवतोयच की आपण."

हुपरीतल्या जुन्या कारागिरांची ती रीतच होती. नवी भट्टी असो की नवी ऐरण, पहिल्या दिवशी मालकाचा तळवा तिच्यावर. चेलनानं पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली आणि अण्णांच्या हाताकडं पाहिलं. हा हात म्हणजे दगड, तिनं स्वतःशी म्हटलं, दगडानं काय बिघडतंय?

अकरा मिनिटांनी हिरवी खूण उमटली. अण्णांनी मूठ धरली आणि चांदीच्या पानावर एक वेल काढली. कलमाचा आवाजच नाही! वेल अशी उतरली की अण्णा ती खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी दुसरं पान घेतलं. मग तिसरं. आई पदरानं डोळे पुसत होती. चेलनाला वाटलं, आपल्या कौतुकानं.

*

दसरा झाला त्या आठवड्यातली गोष्ट. चेलना शाळेतून आली तेव्हा चार वाजत होते. अण्णा गल्लीच्या टोकाला व्यापाऱ्याकडं माल दाखवायला गेलेले, आई आत कणीक मळत होती. कारखान्यात कुणी नव्हतं, आणि तिथून आवाज येत होता.

टिक-टिक-टिक-टिक-टिक.

मशीन चालू होतं. मुठीला कुणाचा हात नव्हता, पण कलम हलत होतं. भुईमुगाच्या टरफलाएवढी जागा, तेवढ्यातच डावीकडं, उजवीकडं. टोक खालच्या पानावर बारीक बारीक आपटत होतं, घाईनं, थकल्याशिवाय, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या दातांसारखं.

चेलना दारातच थिजली. पुढं व्हावंसं वाटेना आणि पाठ फिरवायला तर मुळीच धीर होईना. शेवटी तिनं जाऊन मूठ धरली. थरथर तिच्या तळव्यातून मनगटात चढली. मशीन तिला ओळखत नव्हतं. तिनं घट्ट दाबलं तरी ते तिच्या हाताखाली तसंच कुडकुडत राहिलं.

"काय करायलीस गं?"

ती किंचाळलीच. अण्णा मागं उभे होते.

"अण्णा, हे बघा! आपोआप हलतंय!"

अण्णांनी मुठीवर हात ठेवला. टिकटिक थांबली. हळूहळू नाही, एकदम, जणू कुणी गळा धरावा तशी. "कुठं काय?" अण्णा म्हणाले आणि स्टुलावर बसून कोरायला लागले. सरळ, तलम, अखंड रेघ.

दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणींना सांगितलं.

"भूत हाय," रिफतनं निकाल दिला. "चांदीचं भूत. पैंजण मागायलंय."

"गप गं. आणि अण्णा आल्यावर का थांबतंय मग?"

"तुझ्या अण्णास्नी भुतंबी भितात."

पूर्वा हसली, चेलनाही हसली. तिनं घरी येऊन सगळ्या तारा पुन्हा तपासल्या, पट्टे दाबून बघितले, स्क्रू आवळले. सगळं ठाकठीक होतं. अण्णा उठून गेले की दोन-चार मिनिटांत टिकटिक सुरू. अण्णा आले की बंद. तिनं फोनवर वेळ लावून मोजलं. दहा सेकंदांत पन्नास ठोके. पुन्हा मोजलं तरी पन्नासच.

आणि शनिवारी दुपारी अण्णा फोन घ्यायला अंगणात गेले असताना आई पान बदलायला पुढं झाली. रोजचं काम. तिनं कलमाखाली बोटं घातली, पान सरकवलं, आणि कलमानं उसळी घेतली.

आई ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. चेलना वळली तेव्हा चांदीच्या पानावर रक्ताचे थेंब होते आणि कलमाचं टोक आईच्या बोटाच्या पेरात रुतलेलं, अजून थरथरत. टिक-टिक-टिक. चेलनानं झेप घालून मूठ वर उचलली आणि वीज तोडली.

"काय न्हाई, काय न्हाई," आई बोट पदरात गुंडाळत म्हणाली. "माझंच लक्ष न्हवतं. अण्णांस्नी सांगू नको."

बोट बघून त्यांना कळणारच होतं. मग आई नेमकं काय सांगू नको म्हणत होती?

*

चेलनानं ड्रायव्हरच्या पोटातल्या साऱ्या नोंदी नेर्लेकर मॅडमना पाठवल्या आणि रविवारी अण्णा वामकुक्षी घेत असताना कारखान्याचं दार लोटून त्यांना व्हिडिओवर गाठलं.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "ट्यूनिंगच्या अकरा मिनिटांत मशीनवर कुणाचा हात होता?"

"अण्णांचा. पण त्यांचा हात एकदम..."

"ऐक. ट्यून होताना ड्रायव्हर मशीनच्या खोडी शोधतो. कुठं पट्टा सैल आहे, कुठं बेअरिंग घासतंय. मग प्रत्येक खोडीवर तो उतारा लिहून ठेवतो. मशीन डावीकडे थरथरलं की हा तेवढंच उजवीकडे ढकलणार. दोन्हींची बेरीज शून्य. म्हणून तुझं मशीन इतकं शांत चालतं."

"हां."

"तुझ्या नोंदींत एक खोड आहे, सेकंदाला पाच वेळांची. चेलना, ते लोखंड आहे. लोखंड इतक्या सावकाश थरथरत नाही." मॅडमनी ती नोंद पडद्यासमोर धरली. "माणूस थरथरतो."

पत्र्यावर कावळा उतरला. त्याच्या नखांचा आवाज चेलनाला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

"ड्रायव्हरला वाटलं ती मशीनचीच खोड. त्यानं उतारा लिहिला. अण्णांचा हात मुठीवर असतो तेव्हा हात आणि उतारा मिळून शून्य, रेघ सरळ. हात उठला की उतारा एकटाच उरतो."

म्हणजे ती टिकटिक अण्णांची होती. आरशातल्यासारखी उलटी, पण अण्णांचीच. आईच्या बोटात जे रुतलं होतं ते... चेलनानं ते वाक्य मनातल्या मनातसुद्धा पुरं केलं नाही.

"मी डॉक्टर नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "हात थरथरायला कारणं पुष्कळ असतात. काही अगदी साधी असतात, काही औषधांनी ताब्यात राहतात. पण कुणीतरी जाणत्यानं बघायला हवं. कारण ड्रायव्हर रोज शिकतोय, आणि तो उतारा रोज मोठा होतोय. शंभरात जुलैत बारा होता, नुसतं कलम हलवायलाही अपुरा; आज एकसष्ट आहे. शंभरला ड्रायव्हर हात टेकतो, वीज तोडून टाकतो. मग कलम पेलायला कुणी नाही. ते खाली पडणार. खाली काय असेल त्यावर."

"कधी?"

"असाच वाढत गेला तर संक्रांतीच्या आत."

चेलनाच्या डोळ्यांपुढं अण्णांची डाव्या हाताची बोटं आली. पान दाबून धरणारी, कलमाच्या बरोब्बर खाली.

"एक सोय आहे," मॅडम म्हणाल्या. "सांगावी की नाही कळत नाही, पण लपवणार नाही. ड्रायव्हर हात ओळखतो, हे तू पाहिलंयस. त्याला सांगता येतं की फक्त अण्णांचा हात असतानाच उतारा दे. आईंच्या बोटाचा धोका संपला. मर्यादाही वाढवता येईल, वर्ष-दीड वर्ष सहज निघेल. मी सेटिंग पाठवते. परवलीचा शब्द तुझा आहे, तेव्हा करायचं की नाही ते तुझ्याकडे." त्यांनी चष्मा काढला. "मी यंत्राची माणूस आहे गं. यापुढचं मला ट्यून करता येत नाही."

*

त्या दिवसापासून चेलना बापाच्या हाताकडं चोरासारखी बघू लागली.

जे तिला आजवर दिसलं नव्हतं ते आता दर घटकेला दिसू लागलं. अण्णा पेपर वाचताना उजवा हात मांडीखाली घालतात. चहा बशीत ओततात तो आईच, आणि बशी ते दोन्ही हातांनी उचलतात. शर्टाची बटणं आई लावते, 'थांबा, कॉलर वाकडी झालीया' असं म्हणत. गल्लीतल्या लोकांशी बोलताना हात खिशात. देवळात हात जोडलेले, म्हणजे एकानं दुसऱ्याला धरलेलं.

सोमवारी अण्णांनी तिला गाडीवरून शाळेत सोडलं. विजेची गाडी, आवाज नाही. रेंदाळच्या रस्त्याला उसाची ट्रॉली पुढं होती. अण्णांनी गाडी तिच्या मागं थांबवली, हात हँडलवर नुसता टेकवला, आणि चेलनाला उजव्या आरशात आपला चेहरा थरथरताना दिसला. डोळे, नाक, वेणी, सगळं कुडकुडत होतं. तिनं आजवर कधी धरलं नव्हतं इतकं घट्ट अण्णांना मागून धरलं.

"काय गं? भ्यालीस व्हय?"

"न्हाई."

"मग हाडं मोडशील माझी. सोड की."

शाळेत पूर्वानं विचारलं, "भूत गेलं का?" चेलना 'हो' म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, आता आपणही लपवायला लागलोय. किती सोपं होतं ते! एक 'हो', झालं.

त्याच दिवशी शाळेतून आल्यावर तिनं स्वयंपाकघरात आईला गाठलं. आई भाजी चिरत होती, बोटाला पट्टी.

"आई, अण्णांचा हात..."

विळी थांबली. आईनं वर बघितलं नाही. "मला म्हाईत हाय."

"कधीपासनं?"

"वरीस झालं. तुला कळू नये म्हणून किती केलं मी."

"आणि डॉक्टर?"

"नाव काढू देत न्हाईत. कोरणाऱ्याचा हात गेला म्हणजे कोण इचारतंय त्याला? ह्या जुलैच्या आधी लई वाईट दिवस होते चेलू. एकेक पान बिघडायचं. भिंतीला तोंड करून बसायचे. आणि तू ती डबी बसवलीस न्हवं का, त्या दिवशी त्यांनी वेल काढली, मी रडलो बघ. देवच पावला म्हटलं."

चेलनाला तो पदर आठवला आणि आपलं फुगलेलं मनही. तिला स्वतःची लाज वाटली, मग राग आला, आणि दोन्हींच्या तळाशी जी भीती होती ती जागची हलली नाही.

"मॅडमनी सोय दिलीया," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. एकसष्ट, शंभर, संक्रांत, वर्ष-दीड वर्ष.

आईनं ओल्या हातानं तिचं मनगट धरलं. "मग कर की बाई. आजच कर. वरीसभर त्यांचं ते असूदेत. पुढचं पुढं बघू."

"आणि पुढं काय बघायचं आई? एकसष्टाचं दोनशे झाल्यावर?"

आईनं मनगट सोडलं आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली.

तीन दिवस चेलना ती सेटिंग उघडून बसत होती. 'लागू करा', एवढीच कळ. दाबली की आई हसणार, अण्णा कोरणार, टिकटिक थांबणार. सगळं शांत. त्या शांततेचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. मशीन इतकं चांगलं लपवेल की अण्णांनासुद्धा आपण बरे वाटू, आणि आत, शांततेच्या आत, तो आकडा चढत राहील. रोज बघणार कोण? तीच. एकटी.

*

गुरुवारी, नेहमीसारखंच, दिवस मावळायच्या आत जेवणाची ताटं मांडली गेली. त्यांच्या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी घास घेत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तांबडं ऊन ताटांवर आलं होतं.

"मॅडमनी कसली सोय दिलीया म्हणं," अण्णा सहज म्हणाले. आईनं सांगितलं होतं तर.

"दिलीया."

"मग करून टाक की. तुझ्या आईच्या बोटाला परत लागाय नको."

"अण्णा, उजवा हात कुठाय तुमचा?"

"चेलू, जेव," आई म्हणाली.

"हात? हाय की." अण्णांनी हसून बघितलं. चेलना हसली नाही. मग त्यांचंही हसू ओठांवरून हळूहळू उतरलं. दोन घासांच्या मधे मांडीखाली गेलेला हात त्यांनी बाहेर काढला आणि ताटाच्या कडेवर ठेवला.

आमटीच्या वाटीत कडेकडून मधे बारीक वर्तुळं धावू लागली. वाटी ताटावर वाजायला लागली. तिघंही ते ऐकत होते. आईनं वाटी धरायला हात पुढं केला, आणि चेलनानं आईचा हात अडवला.

"असा करतोय बघ," अण्णा म्हणाले. आवाज कारखान्यातला नव्हता. "माझा हाय, पण माझं ऐकत न्हाई. तिथं मशीनपुढं बसलो की ऐकतोय. तेवढा येळ मी सुकुमार असतोय पोरी. उठलो की कोण असतोय मलाच ठाव न्हाई. डॉक्टरकडं गेलो तर तो नाव ठेवणार ह्याला. एकदा नाव ठेवलं की ते घरात येऊन बसणार. तू शाणी हाईस. तुझ्याच हातात हाय. राहू दे की एवढं माझं."

अण्णांनी आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः उठून घेत. 'बरं' म्हणावं, उठावं, कळ दाबावी, एवढंच करायचं होतं. तिनं तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. आता थरथरणारी माणसं दोन होती.

"अण्णा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "उद्या सकाळी आठला मी तो उतारा पुसून टाकणार. मशीनची वीज बंद. कुणी चालू करायची न्हाई. आणि नवाच्या एसटीनं आपण तिघं मिरजेला जायचं, मेंदूच्या डॉक्टरकडं. नंबर मी लावलाय. ते जे काय नाव सांगतील ते तिघांनी बसून ऐकायचं, एकट्यानं न्हाई. ते म्हणाले चालतंय, तर घरी आल्यावर मी मशीन परत ट्यून करणार. आधी रिकामं, मग अण्णा, तुमच्या हातासकट, तुमच्या नावानं. ते कामासाठी. लपवायसाठी मी कळ दाबणार न्हाई, माझ्या पाया पडलात तरी न्हाई. मला लई भ्या वाटतंय अण्णा. तुम्ही रुसा, महिनाभर बोलू नका माझ्याशी. आई, तुला रडायचं तर रड. पण नवाची गाडी आपण पकडतोय."